शाख्तार दोनेत्स्क : एका खाणकामगार क्लबची जडणघडण आणि विस्थापन

प्रस्तावना :

क्रीडासंस्थांचा इतिहास बहुधा जय-पराजयांची जंत्री म्हणून लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोणता चषक मिळाला, कोणत्या खेळाडूने किती गोल केले, याच्या नोंदी त्यात असतात. परंतु ज्या समाजातून ती संस्था उभी राहिली त्या समाजाचे अर्थकारण, राजकारण आणि भावविश्व यांचा विचार त्यात क्वचितच होतो. युरोपमधील फुटबॉल क्लबच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. तेथे बहुतेक क्लबच्या नावातच शहराचे नाव गुंफलेले असते आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच मैदानावर जमणारा प्रेक्षक हा त्या क्लबचा खरा आधार मानला जातो.

पूर्व युक्रेनमधील दोनेत्स्क शहराचा ‘शाख्तार’ हा क्लब या गृहीतकाची कसोटी पाहणारा आहे. २ मे २०१४ रोजी या क्लबने आपल्या शहरातील मैदानावर अखेरचा सामना खेळला. त्यानंतर दशकाहून अधिक काळ त्याला स्वतःच्या शहरात पाऊल ठेवता आलेले नाही. असे असूनही त्याने नाव बदलले नाही आणि २०१७ ते २०२४ या कालावधीत सहा वेळा युक्रेनचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. ज्या शहराचे नाव क्लब धारण करतो त्या शहरातच तो नसेल, तर तो क्लब नेमका कोणाचा, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात शाख्तारच्या इतिहासाचे टप्पे मांडून या प्रश्नाचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. कोळसा, दोनबास आणि नावाचा उगम :

दोनेत्स नदीच्या खोऱ्यातील कोळशाचा पट्टा ‘दोनबास’ या नावाने ओळखला जातो. रशियन साम्राज्याच्या काळात, १८६९ मध्ये, जॉन ह्यूझ या वेल्श उद्योजकाने येथे लोखंडाचा कारखाना उभारला व त्याच्याभोवती कामगारांची वस्ती वाढली. ह्यूझच्या नावावरून तिला ‘युझोव्का’ म्हणत. सोव्हिएत राजवटीत हे शहर ‘स्तालिनो’ झाले आणि स्तालिनच्या मृत्यूनंतर, १९६१ मध्ये, त्याला ‘दोनेत्स्क’ हे नाव मिळाले. शहराच्या नावांचा हा प्रवासच सत्तांतरांचा आलेख आहे. या सर्व बदलांत कायम राहिली ती खाण.

मे १९३६ मध्ये सोव्हिएत संघात अखिल देशीय फुटबॉल साखळी स्पर्धा सुरू झाली. त्याच महिन्यात स्तालिनोमध्ये खाणकामगारांचा संघ स्थापन झाला व लवकरच तो ‘स्ताखानोवेत्स’ म्हणून ओळखला जाऊ लागला. या नावामागे तत्कालीन राजकीय संदर्भ आहे. ३० ऑगस्ट १९३५ च्या रात्री दोनबासमधील एका खाणीत अलेक्सेई स्ताखानोव या कामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा काढल्याचे जाहीर करण्यात आले. ठरवून दिलेल्या ७ टनांच्या प्रमाणाच्या हे चौदा पटींहून अधिक होते. स्ताखानोव कोळसा फोडत असताना छताला लाकडी टेकू देण्याचे काम इतर कामगार करीत होते. विक्रम मात्र एकट्याच्या नावे नोंदला गेला. या घटनेतून उत्पादनवाढीची देशव्यापी मोहीम उभी राहिली. संघाचे नाव ही त्या मोहिमेचीच एक शाखा होती.

१९४१ मध्ये जर्मन आक्रमणामुळे साखळी स्पर्धा अर्ध्यावर थांबली. सप्टेंबर १९४३ पर्यंत शहर जर्मनांच्या ताब्यात होते. युद्धानंतर, १९४६ मध्ये, संघाला ‘शाख्त्योर’ हे नवे नाव देण्यात आले. ‘शाख्तार’ हे त्याचे युक्रेनियन रूप होय. दोन्हींचा अर्थ एकच, खाणकामगार. एका गाजविलेल्या विक्रमवीराच्या जागी नामहीन श्रमिकाचे नाव आले, हा बदल सूचक म्हणावा लागेल. क्लबचा काळा रंग कोळशाचा व भूगर्भातील अंधाराचा, तर नारिंगी रंग पाळी संपवून वर येणाऱ्या कामगाराला दिसणाऱ्या उजेडाचा, असा अर्थ चाहते सांगतात. एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे हे क्लबचे जुने चिन्ह याच परंपरेतील आहे.

२. सोव्हिएत कालखंड : चषकांचा संघ :

सोव्हिएत फुटबॉलमध्ये मॉस्कोतील मोठे क्लब व कीव्हचा डायनामो यांचे वर्चस्व होते. शाख्तारला साखळी स्पर्धेचे विजेतेपद कधीही मिळाले नाही. १९७५ व १९७९ मध्ये त्याने उपविजेतेपदापर्यंत मजल मारली. १९७९ च्या हंगामात २६ गोल करणारा वितालिय स्तारूखिन हा सोव्हिएत साखळीतील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला.

बाद पद्धतीच्या सोव्हिएत चषकात मात्र या संघाने चार वेळा, १९६१, १९६२, १९८० व १९८३ मध्ये, बाजी मारली. १९६१ च्या अंतिम सामन्यात त्याने मॉस्कोच्या तोर्पेदोला ३-१ असे नमविले. दीर्घ साखळीत सातत्य राखण्यासाठी खेळाडूंचा मोठा ताफा व राजधानीतील पाठबळ लागते. चषकात एकेका दिवसाची जिद्द पुरेशी ठरू शकते. त्यामुळे ‘चषकांचा संघ’ ही ओळख खाणकामगारांच्या शहराला आपलीशी वाटली.

या कालखंडात संघ व प्रेक्षक यांच्यात अंतर नव्हते. खाणी, कोळसा खाते व कामगार संघटना यांच्या आश्रयाने क्लब चालत असे. सामन्याचा दिवस हा पाळीच्या वेळापत्रकाशी बांधलेल्या जीवनातील विसाव्याचा दिवस होता.

३. स्वातंत्र्य, खासगी भांडवल आणि हिंसा :

जुलै १९८९ मध्ये दोनबासमधील खाणकामगारांनी मोठा संप पुकारला. ज्या वर्गाचा गौरव राजवट अर्धशतक करीत आली होती त्याच वर्गाने साबण, अन्न व सुरक्षितता यांसारख्या साध्या गोष्टींची मागणी करावी, ही त्या राजवटीची शोकांतिका होती. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात दोनेत्स्क प्रांतातील सुमारे ८४ टक्के मतदारांनी युक्रेनच्या स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. या प्रांताच्या पुढील इतिहासाचा विचार करताना हा आकडा विसरता येत नाही.

स्वतंत्र युक्रेनची पहिली साखळी स्पर्धा १९९२ मध्ये सिम्फेरोपोलच्या ताव्हरिया क्लबने जिंकली. त्यानंतर १९९३ ते २००१ अशी सलग नऊ वर्षे विजेतेपद डायनामो कीव्हकडे राहिले. दरम्यान कोळसा उद्योग डबघाईला आला, सरकारी मालमत्तेचे खासगीकरण सुरू झाले आणि पोलाद व कोळशाच्या मालकीसाठी दोनेत्स्कमध्ये रक्तरंजित संघर्ष पेटला. त्याची झळ क्लबलाही पोहोचली. १५ ऑक्टोबर १९९५ रोजी ताव्हरियाविरुद्धच्या सामन्यासाठी आलेले क्लबचे अध्यक्ष अखात ब्रागिन हे मैदानातच झालेल्या बॉम्बस्फोटात मृत्युमुखी पडले.

१९९६ मध्ये क्लबचे अध्यक्षपद रिनात अख्मेतोव यांच्याकडे आले. दोनेत्स्कमधील एका खाणकामगाराच्या कुटुंबात १९६६ मध्ये जन्मलेले अख्मेतोव पुढे कोळसा, पोलाद व वीज या क्षेत्रांतील युक्रेनमधील सर्वांत धनाढ्य उद्योगपती बनले. २००६ पासून सहा वर्षे ते संसदेचे सदस्यही होते. क्लबचा आधार कामगार संघटनेकडून एका व्यक्तीच्या भांडवलाकडे सरकला. या बदलाने शाख्तारला युरोपच्या नकाशावर आणले, तसेच त्याचे भवितव्य एका मालकाच्या इच्छेशी व राजकीय प्राक्तनाशी जोडून टाकले.

४. लुचेस्कू पर्व :

नेव्हिओ स्काला या इटालियन प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली शाख्तारने २००२ मध्ये पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. २००४ मध्ये रुमानियाचे मिर्चा लुचेस्कू प्रशिक्षक म्हणून आले आणि पुढील बारा वर्षे या पदावर राहिले. त्यांच्या कारकिर्दीत क्लबने आठ वेळा साखळी स्पर्धा व सहा वेळा युक्रेनचा चषक जिंकला.

या यशामागे एक विचारपूर्वक आखलेली पद्धती होती. बचावफळी प्रामुख्याने युक्रेनियन व पूर्व युरोपीय खेळाडूंची असे, तर आक्रमणाची जबाबदारी ब्राझीलहून अल्पवयात आणलेल्या गुणी खेळाडूंवर सोपविली जाई. जादसोन, फर्नांदिन्यो, विलियन, लुईझ आद्रियानो, दग्लस कोस्टा ही नावे या प्रवाहातील होत. प्रशिक्षक स्वतः पोर्तुगीज भाषा जाणत असल्याने या तरुणांना परक्या व थंड प्रदेशात रुळणे सुकर झाले. चॅम्पियन्स लीगसारख्या स्पर्धेत ते चमकले की पश्चिम युरोपातील क्लब त्यांना मोठी किंमत देऊन घेत व त्या पैशातून पुढील पिढी उभी राही. क्रोएशियाचा दारियो स्रना हा २००३ ते २०१८ या काळात क्लबसाठी ५०० हून अधिक सामने खेळला. परदेशी असूनही तो दोनेत्स्कचा मानला गेला.

२० मे २००९ रोजी इस्तंबूल येथे युएफा चषकाच्या अंतिम सामन्यात शाख्तारने जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेनचा अतिरिक्त वेळेत २-१ असा पराभव केला. लुईझ आद्रियानो व जादसोन यांनी गोल केले. डायनामो कीव्हने सोव्हिएत काळात युरोपीय चषक जिंकले होते. तथापि स्वतंत्र युक्रेनच्या क्लबने मिळविलेले हे पहिलेच युरोपीय विजेतेपद होय. २०११ मध्ये शाख्तारने चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंतही धडक मारली.

५. दोनबास अरेना : वैभव आणि विसंगती :

२९ ऑगस्ट २००९ रोजी ‘दोनबास अरेना’ या नव्या मैदानाचे उद्घाटन झाले. पन्नास हजारांहून अधिक आसनक्षमतेच्या या वास्तूसाठी सुमारे ४० कोटी डॉलर खर्च आल्याचे सांगितले जाते. २०१२ च्या युरोपीय राष्ट्रांच्या स्पर्धेत स्पेन व पोर्तुगाल यांच्यातील उपांत्य सामन्यासह पाच सामने येथे खेळविले गेले. कोळशाच्या धुराने ओळखल्या जाणाऱ्या शहराला आधुनिक युरोपशी जोडणारे हे प्रतीक होते.

या वैभवाला दुसरी बाजूही होती. १८ नोव्हेंबर २००७ रोजी दोनेत्स्कमधील झास्याद्को खाणीत झालेल्या वायुस्फोटात १०१ कामगारांचा बळी गेला. युक्रेनच्या इतिहासातील सर्वांत भीषण खाण दुर्घटनांमध्ये तिची गणना होते. ज्या शहरात खाणीतील सुरक्षा व्यवस्था इतकी दुबळी होती त्याच शहरात दोन वर्षांत जगातील उत्तम मैदानांपैकी एक उभे राहावे, ही विसंगती लक्षात घेतल्याखेरीज क्लबचा इतिहास पूर्ण होत नाही. क्लबच्या नावात खाणकामगार होता. संपत्तीच्या वाटपात त्याचे स्थान कोठे होते, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. तरीही त्याच कामगारांची मुले त्या मैदानावर अभिमानाने जमत होती. हा अभिमान केवळ भुलावण होता असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. उपेक्षेची सवय झालेल्या शहराला जगाने दखल घ्यावी असे काहीतरी त्यातून लाभले होते.

६. २०१४ : मैदानापासून ताटातूट :

२०१४ च्या वसंतात रशियाचा पाठिंबा असलेल्या फुटीरतावाद्यांनी दोनेत्स्कमधील सरकारी इमारतींचा ताबा घेतला व लवकरच प्रांतात युद्ध सुरू झाले. २ मे २०१४ रोजी मारिऊपोलच्या इलिचिवेत्सविरुद्धचा सामना हा दोनबास अरेनावरील शाख्तारचा अखेरचा सामना ठरला. १७ जुलै रोजी मलेशियाचे प्रवासी विमान दोनेत्स्क प्रांतावर पाडण्यात आले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये मित्रत्वाचा सामना खेळून झाल्यावर सहा परदेशी खेळाडूंनी युक्रेनमध्ये परतण्यास प्रारंभी नकार दिला. पुढे ते संघात परतले.

क्लबचे कार्यालय व सराव कीव्हला हलविण्यात आले, तर सामन्यांसाठी देशाच्या पश्चिम टोकाचे लव्हिव हे शहर निवडण्यात आले. दोनेत्स्कपासून सुमारे हजार किलोमीटर दूर असलेले हे शहर भाषा, इतिहास व राजकीय कल या सर्वच दृष्टींनी वेगळे होते. ‘स्वतःच्या मैदानावरील’ सामनाही त्यामुळे प्रवासाचाच सामना झाला. २०१७ पासून खारकीव्ह व २०२० पासून कीव्ह हे क्लबचे तात्पुरते घर बनले. कीव्ह म्हणजे कट्टर प्रतिस्पर्धी डायनामोचे शहर! परिस्थिती किती उलटीपालटी झाली होती याची यावरून कल्पना यावी.

दरम्यान तोफमाऱ्यामुळे दोनबास अरेनाचे नुकसान झाले. अख्मेतोव यांच्या संस्थेने युद्धग्रस्त नागरिकांसाठी अन्नवाटपाचे केंद्र म्हणून त्या वास्तूचा उपयोग केला. २०१७ मध्ये फुटीरतावादी प्रशासनाने ती ताब्यात घेतल्यावर तेही बंद पडले. खेळाच्या पातळीवर मात्र संघ कोसळला नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये बेलारूसच्या बाटे बोरिसोवविरुद्ध त्याने ७-० असा विजय मिळविला. २०१६ व २०२० मध्ये युरोपा लीगची उपांत्य फेरी गाठली, तर २०१७ ते २०२० अशी सलग चार वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले.

७. २०२२ नंतरचा काळ :

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले. साखळी स्पर्धा स्थगित झाली. त्या वेळी शाख्तार गुणतक्त्यात अग्रस्थानी होता. परंतु त्या हंगामाचे विजेतेपद कोणालाही देण्यात आले नाही. आता क्लबचे संचालक झालेल्या स्रना यांनी अकादमीतील मुलांना क्रोएशियात हलविण्यासाठी पुढाकार घेतला. बालपणी युगोस्लाव्हियाच्या विघटनाचे युद्ध अनुभवलेल्या व्यक्तीने हे करावे, याला वेगळा अर्थ आहे. त्याच वर्षी एप्रिलपासून संघाने ग्रीस, पोलंड, तुर्कस्तान, क्रोएशिया आदी देशांत शांततेसाठी निधी उभारणारे सामने खेळले.

मार्च २०२२ मध्ये ‘फिफा’ या जागतिक संघटनेने युक्रेनमधील क्लबच्या परदेशी खेळाडूंना करार स्थगित करण्याची मुभा दिली व जूनमध्ये तिची मुदत आणखी एक वर्ष वाढविली. खेळाडूंच्या जीविताचा विचार करता हा निर्णय समजण्याजोगा होता. परंतु त्यामुळे अनेक खेळाडू मोबदल्याविना दुसऱ्या क्लबकडे गेले. ५ कोटी युरो नुकसानभरपाईची शाख्तारची मागणी क्रीडा लवादाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली. खेळाडू घडवून विकण्याच्या ज्या पद्धतीवर क्लब दीड दशक उभा होता ती एका नियमाने मोडकळीस आली.

ऑगस्ट २०२२ मध्ये साखळी स्पर्धा प्रेक्षकांविना पुन्हा सुरू झाली. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की खेळाडू व पंच तळघरातील आश्रयस्थानात जात आणि धोका टळल्यावर खेळ पुढे सुरू होई. युक्रेनचे आकाश विमानांना बंद असल्याने युरोपीय सामन्यांसाठी संघाला प्रथम बस किंवा रेल्वेने सीमा ओलांडावी लागे. हे ‘घरचे’ सामने २०२२-२३ मध्ये वॉर्सा, २०२३-२४ मध्ये हॅम्बुर्ग व २०२४-२५ मध्ये गेल्सेनकिर्खेन येथे झाले. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी हॅम्बुर्गमध्ये शाख्तारने बार्सिलोनाला १-० असे हरविले. ब्राझिलियन खेळाडूंच्या जागी मोठ्या प्रमाणात युक्रेनियन तरुण आले. त्यांतील मिखाइलो मुद्रिक याला जानेवारी २०२३ मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबने ७ कोटी युरो व अतिरिक्त रक्कम देऊन करारबद्ध केले. त्यानंतर अख्मेतोव यांनी मारिऊपोलचे रक्षण करणारे सैनिक व त्यांची कुटुंबे यांच्यासाठी २.५ कोटी डॉलर देण्याची घोषणा केली. २०२३ व २०२४ मध्ये क्लबने पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले आणि स्वातंत्र्योत्तर काळातील त्याच्या विजेतेपदांची संख्या पंधरा झाली.

८. क्लब कोणाचा? :

वरील इतिहासावरून क्लबच्या अस्तित्वाचे चार आधार दिसतात : स्थान, उद्योग, भांडवल आणि स्मृती. सोव्हिएत काळात पहिले दोन एकत्र होते. खाण व मैदान एकाच शहरात होते आणि प्रेक्षक दोन्हीकडे तोच होता. १९९६ नंतर भांडवल निर्णायक ठरले. २०१४ मध्ये स्थान हिरावले गेले. दोनबासमधील खाणी व कारखाने मालकाच्या हातून निसटले आणि २०२२ मध्ये मारिऊपोलचा पोलाद कारखाना उद्‌ध्वस्त झाल्यावर भांडवलाचाही मोठा हिस्सा नष्ट झाला. उरली ती स्मृती.

स्मृती हा आधार दुबळा वाटतो. पण २०१४ नंतर दोनबासमधून विस्थापित झालेल्या दहा लाखांहून अधिक लोकांच्या दृष्टीने पाहिल्यास त्याचे मोल कळते. घर, नोकरी, शेजार व शाळा गमावलेल्या माणसाला आपल्या शहराचे नाव दर आठवड्याला गुणतक्त्यात दिसते. ज्या शहराचा उल्लेख इतरत्र केवळ युद्धवार्तेत होतो, त्याचे नाव येथे गोल, विजय, पराभव अशा नित्याच्या गोष्टींसोबत येते. क्लबने नावातून ‘दोनेत्स्क’ वगळले असते तर व्यवहाराच्या दृष्टीने कदाचित सोयीचे झाले असते. परंतु त्यामुळे शहरावरील हक्क सोडल्यासारखे झाले असते.

तथापि या आधाराची मर्यादाही स्पष्ट आहे. दोनेत्स्कमध्येच राहिलेल्या चाहत्यांशी क्लबचा प्रत्यक्ष संबंध तुटला आहे. २०१४ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल त्या मैदानावर पुन्हा न जाता प्रौढ झाले. त्यानंतर जन्मलेल्यांनी तर तेथे शाख्तारला पाहिलेलेच नाही. प्रत्यक्ष अनुभवाची जोड नसलेली स्मृती पुढील पिढीत केवळ ऐकीव होते. काळ जितका लांबेल तितका हा धागा विरळ होत जाणार, ही या क्लबपुढील खरी समस्या आहे आणि ती चषकांनी सुटणारी नाही.

समारोप :

खाणकामगारांच्या वस्तीतून उदयास आलेला, एका राजवटीने घडविलेला, एका धनिकाने वाढविलेला आणि युद्धाने बेघर केलेला हा क्लब म्हणजे दोनबासच्या नऊ दशकांचा संक्षिप्त इतिहास होय. क्रीडासंस्था समाजापासून अलिप्त नसते आणि समाजावरील आघात ती चुकवू शकत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. त्याचबरोबर नाव टिकवून ठेवणे हीदेखील एक सामाजिक कृती असते, हेही हा इतिहास दाखवितो. समाजशास्त्र, इतिहास व शारीरिक शिक्षण या विषयांच्या अध्यापनात विस्थापनाचा विचार करताना आकडेवारीच्या जोडीला अशा संस्थांच्या चरित्राचा आधार घेतल्यास विद्यार्थ्यांना त्या आकड्यांमागील हानी अधिक नेमकेपणाने समजू शकेल.